मराठवाड्यातील अरब आणि न शिकली गेलेली अरबी

भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव तीन भाषांच्या शेजारात वसले आहे. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे येथे थांबते आणि पुढे हिमायतनगर, किनवट करीत तेलंगणात शिरते. बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच पालाखाली ऐकू येतात, आणि येथील मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच त्यांतील किमान दोन भाषांत भांडू शकते. या भाषा त्याला कोणी शिकविलेल्या नसतात. त्या शेजारातून, खेळातून, उधारीच्या हिशेबातून अंगवळणी पडलेल्या असतात.

याच मुलाच्या कानावर आणखी एक भाषा रोज पडते. दिवसातून पाच वेळा अजान होते आणि तिचे शब्द निखळ अरबी असतात. आम्ही चाळिशी ओलांडली, म्हणजे हे शब्द आम्ही हजारो वेळा ऐकले. परंतु अरबीत एक तांब्या पाणी मागावे इतकीही अरबी आम्हांस येत नाही. ज्यांच्या धर्माची ती भाषा आहे, त्या आमच्या बहुतेक मुसलमान शेजाऱ्यांनाही ती बोलता येत नाही. नमाजातील आयती त्यांना मुखोद्गत असतात, संभाषण मात्र उर्दूत किंवा मराठीत चालते. तेलुगू न शिकविता येते आणि अरबी रोज ऐकूनही येत नाही, हा फरक कशामुळे पडतो?

परभाषेच्या अध्यापनात सध्या सहवास-पद्धतीचा मोठा बोलबाला आहे. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्यात जाऊन राहावे, त्यांच्याशीच बोलावे, म्हणजे भाषा आपोआप येते, असे सांगितले जाते. अरबी शिकू इच्छिणाऱ्यास कैरो, अम्मान वा मस्कत येथे जाऊन राहण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु मराठवाड्याच्या इतिहासाकडे पाहिले असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. अरबी ज्यांची मातृभाषा होती अशी माणसे एकोणिसाव्या शतकात आमच्याच प्रदेशात राहात होती. त्यांचे वंशज आजही आमच्या वर्गांत बसतात. सहवास होता, काळही पुरेसा होता. तरीही येथील लोक अरबी शिकले नाहीत. उलट अरबच येथल्या भाषा शिकले. असे का झाले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम थोडे मागे जावे लागेल. अरब आणि मराठी मुलूख यांची गाठ निजामाच्या काळात प्रथम पडली, असा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. नवव्या-दहाव्या शतकांतील अरब प्रवासी व भूगोलकार ज्या 'बल्हरा' राजाचे वर्णन करतात, तो मान्यखेटचा राष्ट्रकूट सम्राट होय. 'वल्लभराज' या बिरुदाचे ते अरबी रूप आहे. हे राष्ट्रकूट स्वतःस 'लट्टलूर' नगरीचे स्वामी म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे अभ्यासक मानतात. आमच्या जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे नगर. म्हणजे बगदाद आणि बसरा येथील वाचक ज्या राजकुळाविषयी अरबीत वाचत होते, त्याचे मूळ आमच्या या परिसराशी जोडलेले आहे.

प्रत्यक्ष सहवास घडला तो मात्र कोकणपट्टीवर. अल्-मसूदी हा प्रवासी दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सैमूर येथे, म्हणजे आजच्या चौल येथे आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने लिहिले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक त्यांत होते. शिवाय 'बयासिरा' होते. हिंदुस्थानात जन्मलेल्या मुसलमानांना तो हे नाव देतो. वेगळे नाव लागते तेव्हा वेगळेपण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरलेले असते. येथे जन्मलेली पिढी आपल्यासारखी असूनही आपल्यासारखी राहिलेली नाही, हे त्या परदेशी पाहुण्याच्या लक्षात आले होते. मसूदी भाषांचीही नोंद करतो: मान्यखेटच्या लोकांची भाषा वेगळी आणि सैमूर, सोपारा, ठाणे या किनाऱ्याची भाषा वेगळी. किनाऱ्याच्या त्या भाषेस तो 'लारिया' म्हणतो.

याच काळातील दुसरा पुरावा चिंचणी येथे सापडलेल्या शके ८४८ च्या (इ. स. ९२६) ताम्रपटाचा. राष्ट्रकूटांनी संजाणच्या मंडलावर नेमलेला 'ताजिक' म्हणजे अरब कुळातील अधिकारी त्यात येतो. त्याचे नाव ताम्रपटात 'मधुमती' असे आहे. 'सुगतिप' असेही दुसरे नाव आहे. मधुमती हे 'मुहम्मद'चे संस्कृत रूप होय, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. या मधुमतीने लोकांसाठी नदीवर फुकट तरी ठेविल्या, अन्नछत्र घातले आणि एका मठिकेस भूमी दिली. त्याच्या घरात कोणती भाषा चालत असे हे ताम्रपट सांगत नाही. तथापि ज्याचे नावच येथल्या भाषेने आपल्या वळणावर नेले, तो माणूस या भाषेत किती आत शिरला असेल याची कल्पना करता येते. हजार वर्षांपूर्वीचे हे दोन दाखले एकच दिशा दाखवितात: येणारा बदलतो; ज्याच्याकडे तो येतो त्याच्या बोलण्यात फारसा फरक पडत नाही.

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अरब शिपायांना दख्खनमध्ये मोठी मागणी होती. किल्ला लढविण्यात त्यांचा हात कोणी धरीत नसे, आणि पगार थकला तर धन्याच्याच दारात धरणे धरण्यातही ते तितकेच कडवे होते. दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्यात अरबांची पथके होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत ती पुढे होती. त्याच वर्षी मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यात अरबांनी इंग्रजांना महिनाभर झुंजविले.

मालेगावच्या त्या वेढ्याचा शेवट भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे. शरणागतीच्या अटी मराठीत लिहिल्या गेल्या होत्या. इंग्रज सेनापतीला त्या कागदातून जे म्हणावयाचे होते त्यापेक्षा मराठी शब्दांचा अर्थ अरबांना अधिक अनुकूल निघाला. पुढे एल्फिन्स्टनने कागदातील शब्द प्रमाण मानून अरबांना त्याप्रमाणे वागणूक दिली. एक पक्ष इंग्रज, दुसरा अरब. आणि दोघांच्या जीवनमरणाचा करार मराठीत. त्या काळी या मुलखात व्यवहाराची भाषा कोणती होती आणि परक्यांना कोणत्या भाषेच्या दारातून यावे लागत होते, हे यावरून दिसते.

आमच्या भागातही असाच प्रसंग घडला. नांदेड परिसरातील हटकर नाईक नौसाजी याने निजामाच्या सत्तेविरुद्ध बंड केले आणि नोव्हा येथील गढी लढविली. जानेवारी १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेने ती घेतली. त्या गढीतील शिबंदीतही अरब होते. हटकर नाईक आणि हद्रमौतचा शिपाई एका तटामागे उभे होते, तेव्हा त्यांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलणे केले असेल? दारूगोळा संपत आला, अमुक बुरूज पडला, हे सांगण्यासाठी नाईक अरबी शिकला असेल हे संभवत नाही.

निजामाच्या राज्यात या अरबांचे बळ सर्वांत अधिक वाढले. ते बहुतांशी दक्षिण अरबस्तानातील हद्रमौत या प्रदेशातून आलेले. त्यांचे जमादार केवळ फौजेचे सरदार राहिले नाहीत. ते सावकार बनले. खुद्द सरकारला त्यांनी कर्ज दिले आणि तारण म्हणून तालुक्यांचा महसूल आपल्या हाती घेतला. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने हे तालुके एकेक करून सोडविले आणि अरबांची सत्ता आटोक्यात आणली. त्यानंतरही 'नज्म-ए-जमियत' नावाच्या बेकवायती फौजेत अरब राहिले. जिल्ह्याच्या ठिकाणी खजिन्यावर, तुरुंगावर त्यांचा पहारा असे. मराठवाड्यातील कुणब्याला अरब दिसे तो असा: खजिन्याच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला किंवा व्याजाच्या वसुलीसाठी ओसरीवर ठाण मांडून बसलेला. रोहिला आणि अरब ही दोन नावे आमच्या वाडवडिलांच्या बोलण्यात तगाद्याच्या संदर्भात जोडीने येत.

येथे आमच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग मिळतो. वसुलीला आलेल्या माणसाची भाषा ऋणको शिकत नाही. धनकोलाच ऋणकोची भाषा यावी लागते. 'उद्या देतो' आणि 'आता नाही' यांतला फरक त्याला कळला पाहिजे. पहारेकऱ्यालाही 'कोण आहे?' हे येणाऱ्याला समजेल अशाच भाषेत विचारावे लागते. सत्ता अरबांच्या हाती होती, पण तिचे काम मराठी, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या लोकांत होते. शिवाय राज्याच्या दप्तराची भाषा आधी फार्सी आणि १८८० नंतरच्या काळात उर्दू होती. अरबीला ना कचेरीत जागा होती ना बाजारात.

उत्तराचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग घरात आहे. हद्रमौतहून पुरुष येत. बायका जवळपास येतच नसत. शिपाई येथेच लग्न करी. त्याची बायको दख्खनची असे, तिची भाषा दखनी असे, आणि मुलाला अंगाई त्याच भाषेत ऐकू येई. बाप पहाऱ्यावर, मूल आईजवळ. हद्रमी लोक परदेशात जन्मलेल्या आपल्या संततीस 'मुवल्लद' म्हणतात. मसूदीच्या बयासिरांचीच ही नवी आवृत्ती. मातृभाषा हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याचा शब्दशः अर्थ विसरून जातो. मराठवाड्यातील अरबांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला: मुलाची भाषा आईची झाली, आडनाव बापाचे राहिले.

हा धोका हद्रमी लोकांना ठाऊक नव्हता असे नाही. जावा आणि पूर्व आफ्रिका येथे स्थायिक झालेल्या सधन हद्रमी घराण्यांत मुलाला काही वर्षे हद्रमौतला नातलगांकडे ठेवण्याची चाल होती, ती याचसाठी. भाषा, धर्म आणि रीतभात तेथे राहून आल्याशिवाय अंगात मुरत नाही, असे ते मानीत. आज विद्यापीठे ज्यास सहवास-पद्धती म्हणतात ती त्यांनी केव्हाच अवलंबिली होती. पण त्यासाठी जहाजाचे भाडे लागे आणि तिकडे घर असावे लागे. तुरुंगाच्या पहाऱ्यावरील शिपायाला ते परवडणारे नव्हते.

उलट दिशेची वाहतूकही पाहण्यासारखी आहे. निजामाच्या चाकरीतील जमादार उमर बिन अवद अल्-कुऐती याच्या वंशाने हैदराबादच्या पैशावर हद्रमौतच्या किनाऱ्यावर राज्य स्थापिले. शिहर आणि मुकल्ला येथील हे राज्य १९६७ पर्यंत टिकले. त्याचे प्रारंभीचे राज्यकर्ते स्वतःस 'जमादार'च म्हणवीत. १९३६ ते १९५६ या काळात तेथे राज्य करणारे सुलतान सालिह बिन गालिब हैदराबादेत वाढलेले होते. अरबी 'जमा'ला फार्सी 'दार' जोडून झालेला, हिंदुस्थानी छावणीत रुळलेला शब्द अरबस्तानात राजाचे बिरुद म्हणून गेला, ही गंमत भाषेच्या इतिहासात नोंदवून ठेवावी अशी आहे.

'चाऊस' या शब्दाचीही कथा अशीच. मराठवाड्यात हद्रमी वंशाच्या लोकांना सरसकट चाऊस म्हणतात. अनेकांचे ते आडनावच आहे. बावजीर, अमूदी, याफई अशी कुळाची नावे ज्यांनी जपली तेही शेजाऱ्यांच्या तोंडी चाऊसच राहतात. हा शब्द अरबी नव्हे. तो तुर्की 'चावुश', म्हणजे फौजेतील लहान अधिकारी. म्हणजे ज्या शब्दाने आम्ही त्यांना अरब म्हणून ओळखतो, तो शब्दही त्यांच्या भाषेतला नाही.

येथे एक आक्षेप येईल. अरबी शिकली गेली नाही हे खरे कसे मानावे? मराठीत तर शेकडो अरबी शब्द आहेत. वकील, तहसील, महसूल, हुकूम, हक्क, अर्ज, जप्ती, खर्च, बाकी ही यादी कितीही लांबविता येईल. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात अशा शब्दांपुढे अरबीची खूण करून ठेवली आहे, आणि पानोपानी ती भेटते. मग हे शब्द अरबांच्या सहवासातून आले नाहीत काय?

ते तसे आले नाहीत, आणि याची साक्ष शब्दच देतात. अरबीत 'द'च्या जवळ जाणारा, पण जिभेवर जड असा एक वर्ण आहे. अरब माणूस 'कादी', 'अर्द', 'गरद', 'हादिर' यांसारखे उच्चार करील. फार्सी बोलणारा त्याच वर्णाचा 'झ' करतो. मराठीत काजी, अर्ज, गरज, हजर, रजा, मर्जी, जिल्हा असे शब्द आहेत. सर्वत्र 'ज' आहे, 'द' कोठेही नाही. अरबीत 'थ'सारखा एक वर्ण आहे, तो फार्सीत 'स' होतो. मराठीत वारस आणि मिरास आहेत. अरब 'हरका', 'कीमा' म्हणून थांबतो. फार्सीत शेवटी 'त' ऐकू येतो. मराठीत हरकत, किंमत, दौलत, मुद्दत आहेत. म्हणजे हे शब्द मूळचे अरबी असले तरी आमच्यापर्यंत ते फार्सी मुखातून, दप्तरातून आणि सनदांतून आले. काळाचाही पुरावा हाच. सोळाव्या शतकातील एकनाथांच्या 'अर्जदास्त'मध्ये ही दरबारी शब्दकळा खेळती झालेली आहे. हद्रमौतच्या पलटणी त्यानंतर दोन शतकांनी आल्या. त्या आल्या तेव्हा त्यांच्या भाषेतील शब्द आधीच येथे बसलेले होते, पण अशा रूपात की त्यांनाही ते ओळखू येऊ नयेत.

अर्थांचीही तीच गत. 'गरीब' म्हणजे अरबीत परका, अनोळखी. 'मौज' म्हणजे लाट. 'अफवाह' म्हणजे तोंडे; तोंडोतोंडी जाते ती अफवा. 'हरकत' म्हणजे हालचाल. मराठीत ती अडवणूक झाली. 'तकरार' म्हणजे पुनरुक्ती. 'वली' म्हणजे ईश्वराचा मित्र, संत. मराठीत 'वल्ली' झाला तो विक्षिप्त इसम. 'इरसाल' म्हणजे पाठवणी. खजिन्यात भरणा म्हणून पाठविण्याचा निवडक ऐवज इरसाल, आणि त्यावरून निवडक नमुना असलेला माणूसही इरसाल. मराठीच्या अध्यापकाला या शब्दांवर एक तास सहज बोलता येतो. पण एवढे शब्द जाणणाऱ्या मराठी माणसाला कैरोच्या रस्त्यावर सोडले तर त्याचा प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. शब्द उसने घेणे आणि भाषा शिकणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

मग या मुलखात अरबी कोणीच शिकले नाही काय? शिकले, पण ग्रंथातून. मदरशांची परंपरा येथे जुनी आहे. तेथे विद्यार्थी 'सर्फ' आणि 'नह्व' म्हणजे शब्दसिद्धी आणि वाक्यरचना शिकतो, धातूंची रूपे पाठ करतो आणि काही वर्षांत कठीण ग्रंथ लावू लागतो. आमच्या जुन्या पाठशाळांतील 'रामः रामौ रामाः' याहून ही रीत वेगळी नाही. तिने विद्वान निर्माण केले. बोलणारे करणे हा तिचा हेतूच नव्हता. हैदराबादेत १८८८ साली स्थापन झालेल्या 'दायरतुल मआरिफ' या संस्थेने दुर्मीळ अरबी हस्तलिखिते संपादून छापली, आणि ती साऱ्या अरब जगात वाचली गेली. येमेनचे विद्वान अब्दुर रहमान अल्-मुअल्लिमी यांनी तेथे अनेक वर्षे पाठशुद्धीचे काम केले. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, बारकस या अरबांच्या वस्तीत, हद्रमी शिपायांची नातवंडे दखनीत खेळत होती. 'बारकस' हे 'बराक'चेच रूप. एका टोकाला ग्रंथाची अरबी आणि दुसऱ्या टोकाला मावळत चाललेली घरची अरबी. दोघींची भेट क्वचितच होत असावी.

महाराष्ट्रात ग्रंथाच्या मार्गाने अरबी शिकलेला सर्वांत लक्षणीय विद्यार्थी म्हणजे विनोबा भावे. कुराण मुळातून वाचावे म्हणून त्यांनी चाळिशी उलटल्यावर अरबीचा अभ्यास केला, आणि १९६२ च्या सुमारास त्यांचे कुराण-सार प्रसिद्ध झाले. उच्चार शुद्ध व्हावेत म्हणून ते आकाशवाणीवरील कुराणपठण लक्षपूर्वक ऐकत. अरब शेजारी नाही, अरब देशात जाणे नाही. तरी भाषेच्या ध्वनीविषयी एवढी आस्था. अजान आम्हीही ऐकतो. विनोबांनी ऐकले ते उत्तर देता यावे म्हणून, एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

सहवासातून भाषा शिकण्याचे उदाहरण हवे असेल तर ते आमच्याच भागात आहे, भाषा मात्र वेगळी. लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी होते. उर्दू-फार्सी त्यांना शिक्षणातून आली. पण आदिलाबाद भागात काम करताना ते गोंडी आणि कोलामी शिकले, ती ज्यांची भाषा त्यांच्यात मिसळून. आणि त्या भाषांची व्याकरणे लिहिण्यापर्यंत त्यांची मजल गेली. भोकरवरून जाणारी रेल्वे त्याच आदिलाबादला पोहोचते. अधिकारी असूनही आपल्याहून दुबळ्यांची भाषा शिकण्याची गरज त्यांना वाटली. हे अपवादाने घडते. सर्वसाधारण क्रम उलटा असतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. रझाकारांच्या अत्याचारांनी हा प्रदेश होरपळला होता, आणि १७ सप्टेंबर हा आमचा मुक्तिदिन आहे. पण त्या दिवसानंतरचे जे आठवडे आले त्यांविषयी आम्ही फारसे बोलत नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने पोलीस कारवाईनंतरच्या हिंसेची पाहणी केली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे तिने नमूद केले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. अरबांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उभा राहिला: हे लोक भारतीय की परदेशी? अनेकांना अटकेत ठेवण्यात आले, कित्येकांना एडनकडे रवाना करण्यात आले. ज्याचा जन्म येथला, आई येथली, भाषा येथली, त्याला केवळ बापाच्या मुलखावरून परका ठरविण्याची वेळ आली. अशा वेळी घरात उरलीसुरली अरबी असेलच, तर ती मोठ्याने बोलण्याचे धैर्य कोण करील? भाषा विस्मरणाने जाते तशी ती भयानेही जाते. चाऊस घरांतील अरबीचा शेवट या दोहोंनी मिळून केला, असे आम्हांस वाटते.

१९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांची दारे उघडली. हैदराबाद आणि मराठवाडा येथील पुष्कळ माणसे तिकडे कामाला गेली. आता तरी सहवासाने अरबी येईल अशी अपेक्षा करावी, तर तेथील वास्तव वेगळेच आहे. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशात मूळ नागरिक लोकसंख्येच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकेच आहेत. मजूर मजुरांतच राहतो. मल्याळी, बंगाली, पठाण यांच्याशी हिंदी-उर्दूत बोलतो. अरब मालकाशी जे थोडके बोलणे होते त्यासाठी एक मोडकी अरबी तयार झाली आहे. तिच्यात क्रियापदाची रूपे जवळजवळ नाहीत, लिंगवचनाची कटकट नाही. 'मला माहीत नाही' यासाठी 'अना मा फी मालूम' असे म्हटले की भागते. 'खल्ली वल्ली' म्हणजे सोडून दे, जाऊ दे. अरब माणूसही परदेशी कामगाराशी बोलताना हीच भाषा वापरतो. या वाक्यातील 'मालूम' मूळचा अरबी. तो फार्सीतून हिंदुस्थानीत आला, आणि शतकांनंतर मजुराच्या तोंडून पुन्हा अरबस्तानात पोहोचला. व्याकरण पंडितांना ही भाषा भ्रष्ट वाटेल. पण दोन माणसांना परस्परांकडून जेवढे हवे आहे तेवढेच तिच्यात आहे, एक शब्दही अधिक नाही. त्यांचे नाते जेवढे, तेवढी त्यांची भाषा.

त्या मानाने ज्या स्त्रिया अरब कुटुंबांत घरकाम करतात, मुले सांभाळतात, त्यांना भाषेत अधिक खोल उतरावे लागते. कारण मूल मोडक्या भाषेत रडत नाही. पुन्हा घर आणि पुन्हा स्त्रीच. हद्रमी शिपायाच्या घरात जे घडले त्याचीच ही दुसरी बाजू.

या सर्वांतून आम्हांस एवढेच दिसते की, सहवास हा शब्द आपण फार मोघमपणे वापरतो. माणसे शेजारी राहिल्याने भाषा येत नाही. कोणाला कोणाची गरज आहे, कोण कोणाच्या दारात उभा आहे, घरात मुलाला कोण जेवू घालते, यावर ते अवलंबून असते. मधुमती, मालेगावचे जमादार, खजिन्यावरचा चाऊस हे सर्व आमच्या भाषांत आले, कारण त्यांना यावे लागले. आम्ही त्यांच्या भाषेत गेलो नाही, कारण आमचे अडले नाही.

आम्ही वर्गात हजेरी घेतो तेव्हा यादीत 'चाऊस' हे आडनाव येते. पूर्वी आम्ही त्या विद्यार्थ्याला सहज विचारीत असू, 'तुम्ही मूळचे अरबस्तानचे ना? अरबी येते का?' प्रश्नात कुतूहलच असे, पण त्यात तू येथला नाहीस असेही एक सूचन होते, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. हजेरीला तो 'हजर' म्हणतो. त्याच्या खापरपणजोबांनी बहुधा 'हादिर' म्हटले असते. त्या दोन उच्चारांमधील अंतर त्याच्या घराण्याने आमच्या बाजूने चालून संपविले आहे. आता आम्ही अरबी येते का हे विचारीत नाही. आजी घरात कोणत्या भाषेत बोलत असे, हे विचारतो, आणि मिळालेले उत्तर वहीत लिहून ठेवतो. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे असे आम्हांस वाटते, कारण ज्यांनी बापाच्या तोंडून अरबी ऐकली होती अशी माणसे आता फार थोडी उरली असतील.